मागच्या खोलीला ब्याण्णव गुण

१४ सप्टेंबर

पेंटर घरी आला. एकोणीस दिवस दवाखान्यात काढले, आणि तिथे काय काय पाहिलं ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. वॉर्डातल्या बेसिनच्या कडेला कुणाचे तरी केस. जेवणाचा ट्रे खालून चिकट. एक आया एकाच फडक्यानं आधी टेबल पुसायची, मग खिडकी, आणि मग, शपथ घेऊन सांगते, पाण्याचा जग. मी तिला नाव विचारलं तर म्हणाली, "कशाला?" सवय जात नाही. एकतीस वर्षं हॉटेलांची आणि बेकऱ्यांची स्वयंपाकघरं तपासली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घाण दिसली की हात पेन शोधतो.

आजाराचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच, की अंगाचं रक्षण करणारी फौज उलटली आणि स्वतःच्याच स्नायूंना खायला लागली. माझा नवरा पाट्या रंगवणारा. मे महिन्यात शिडीवर उभा असताना ब्रश खांद्याच्या वर जाईना. त्याला वाटलं वय झालं. मग खुर्चीतून उठता येईना, मग पापण्यांवर जांभळट पुरळ, मग घास गिळताना ठसका. आता त्या फौजेला आवरायला स्टिरॉइड, आणि जोडीला आणखी एक कडक गोळी. निघताना स्नायूंच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "फौज आम्ही झोपवली आहे. म्हणजे किरकोळ जंतूंनाही आता रान मोकळं. धडधाकट माणसाचं जे काही वाकडं करू शकत नाहीत, ते यांना आडवं करतील. मला आजारापेक्षा त्याचीच धास्ती जास्त."

मी म्हटलं, "डॉक्टर, जंतूंचं माझ्यावर सोडा."

त्या हसल्या आणि एक कागद दिला. गर्दी नको, कच्चं नको, कुंडीतली माती नको, धूळ नको, ओल नको, खोलीत हवा खेळती ठेवा. ताप आला तर फोन करा. स्टिरॉइडमुळे ताप दबून राहतो, तेव्हा नुसता खोकला आला तरी फोन करा.

कागद फ्रिजवर लावला. आधी फ्रिज पुसला.

१५ सप्टेंबर

त्याला मागची खोली दिली. पहाटेपासून धुतेय. शेजारच्या इमारतीत भिंती पाडायचं काम चालू आहे. हवा खेळती ठेवायची म्हणजे त्यांचा चुना आमच्या फुप्फुसात खेळवायचा. डॉक्टरांनी आमची गल्ली पाहिलेली नाही. खिडकी लावून घेतली आणि फटींना चिकटपट्टी मारली. फरशी दिवसातून तीनदा ओली पुसायची. चादरी रोज धुवायच्या, आणि बाहेर धुरळ्यात नाही, खोलीतच दोरी बांधून वाळवायच्या. भेटायला कुणीही येणार नाही.

कपाट तेवढं राहिलं. लोखंडी, दाराएवढं उंच, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभं. आत पेंटरचे डबे, ब्रश, अक्षरांचे पत्र्याचे साचे. तीन-चार माणसांशिवाय ते हलत नाही. पेंटरचा जुना दोस्त, कोपऱ्यावरचा न्हावी, दारातून म्हणाला, "वहिनी, मी आणि दुकानातले दोघं येतो. पाच मिनिटांचं काम." दिवसभर लोकांच्या मानेवरून फिरणारे हात माझ्या धुतलेल्या खोलीत! नको म्हटलं. कपाटाची दर्शनी बाजू, वरची बाजू आणि हात जाईल तेवढी फट ब्लीचनं पुसली.

पेंटर पलंगावरून म्हणाला, "हाताखालच्या नव्या लोकांना काय शिकवायचीस तू? कपाट सरकवायचं, मग बोलायचं."

"ते हॉटेलांसाठी. तिथे लोक कपाटामागे लपवतात. इथे कोण काय लपवणार?"

"बरं, बाई," तो म्हणाला. चिडवायचं असलं की मला बाई म्हणतो. हॉटेलवाले म्हणायचे तसं.

१९ सप्टेंबर

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून निरीक्षण पत्रांचा एक कोरा गठ्ठा उचलून आणला होता. आज तो कामाला आला. मागच्या खोलीची रीतसर तपासणी केली. शंभरपैकी ब्याण्णव. आठ गुण पेंटरनं कापायला लावले, पांघरुणात बिस्किटाचा चुरा सांडून. स्टिरॉइडनं त्याला राक्षसासारखी भूक लागते. चेहरा फुगून गोल झाला आहे. आरशात बघून म्हणतो, "मी चांगल्या खात्यापित्या घरचा दिसायला लागलो, बाई."

पत्र त्याला वाचून दाखवलं. खाली एक रकाना असतो, मालकाचा खुलासा. त्यानं विचारलं, "यात लोक काय लिहायचे?"

"खोटं. सगळे एकच लिहायचे, कालच साफ केलं होतं."

"एकानंही खरं लिहिलं नाही?"

"एकतीस वर्षांत एकानंही नाही."

मग अर्थातच ती जुनी गोष्ट निघाली. मी एका खानावळीला टाळं ठोकायला गेले होते. कपाटामागे झुरळं इतकी, की भिंत हलल्याचा भास व्हावा. आणि दर्शनी भिंतीवर शिडी लावून एक माणूस पाटी रंगवत होता, 'येथे स्वच्छतेस प्रथम मान'. मी सगळ्यांना बाहेर काढलं. हा शिडीवरून म्हणाला, "बाई, शेवटचं अक्षर वाळेपर्यंत थांबता का?" मी थांबले. का थांबले ते अजून कळलेलं नाही. लोकांसमोर आम्ही अहो-जाहो करतो, पण घरात पहिल्या दिवसापासून अरे-तुरे आहे.

६ ऑक्टोबर

शी. लिहितानाही अंगावर काटा येतोय. सकाळी पेंटर म्हणाला, चहाला चव नाही. तोंड उघडायला लावलं, तर जिभेवर आणि टाळूला पांढरे चिकट पुंजके. दही सांडल्यासारखे. फडक्यानं पुसले तर खाली लाल, सोललेलं. हातमोजे होते म्हणून. घरी आल्यापासून मी त्याला हातमोज्यांशिवाय हात लावलेला नाही. त्याच्या भल्यासाठीच.

कुणाचं काम आहे ते मला लगेच कळलं. माझी नणंद. परवा सूपचा डबा घेऊन आली होती. तळहातात खोकली आणि त्याच हातानं माझा फ्रिज उघडला. तेव्हाच डबा ओतून टाकायला हवा होता. फोन करून सांगितलं, यापुढे यायचं नाही.

"वहिनी, सख्खा भाऊ आहे माझा."

"म्हणूनच सांगतेय."

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, ही बुरशी बाहेरून आलेली नाही, ती सगळ्यांच्याच तोंडात असते. फौज जागी असेपर्यंत दबून राहते. "तुमच्याही तोंडात आहे," असं म्हणाल्या. मला! औषधाचे थेंब दिले आहेत. मी तीनदा दात घासले.

२ नोव्हेंबर

बाजारात गेले आणि अर्ध्या तासात दोघांनी डाव साधला. परत आले तर पेंटर गुळगुळीत दाढी करून बसलेला, उशीवर फेसाचा ठिपका. न्हावी मागच्या दारानं येऊन गेला होता. तोच वस्तरा, तोच ब्रश, तोच टॉवेल, ज्यानं सकाळपासून डझनभर माणसांचे गाल पुसले असतील. उशीचा अभ्रा उकळला, उशी फेकून दिली.

पेंटर म्हणाला, "दोन महिन्यांनी कुणीतरी गालाला हात लावला."

कपडे उकळत होते. मी तिकडे गेले.

६ नोव्हेंबर

मी म्हटलंच होतं. उजव्या बरगडीखाली आगीची रेघ, काल पाण्यानं भरलेले फोड, आज त्यातले काही पिकले आहेत. नागीण. बनियन चिकटून बसला होता. सोडवताना त्यानं ओठ चावला, आवाज काढला नाही. मीच ओरडले. तशीच न्हाव्याच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली. एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता, तो तसाच उठून गेला. न्हावी टॉवेलाची घडी घालत राहिला.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का. नणंदेला विचारावं लागलं. म्हणाली, दादाला सातव्या वर्षी आल्या होत्या, आणि घरभर सगळ्यांना त्यानंच दिल्या. डॉक्टर म्हणाल्या, तेच जंतू नसांमध्ये झोपून असतात. औषधांनी पहारा ढिला झाला की उठतात. न्हाव्याचा काही संबंध नाही.

पेंटर म्हणाला, "सत्तावन्न वर्षं सांभाळलेल्या कांजिण्या आहेत माझ्या. न्हाव्याला कशाला श्रेय देतेस?"

डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांनी त्याचं दुकान पाहिलेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "खोली कशी आहे?" मी म्हटलं, "ब्याण्णव गुण." "आणि हवा?" म्हटलं, "धूळ शून्य."

२१ नोव्हेंबर

फोड वाळले. आणि आज त्यानं हात कानापर्यंत उचलला! मला हाक मारून दोनदा दाखवलं. म्हणाला, आणखी महिनाभरात दाराच्या उंचीची पाटी काढीन. मी तोंड फिरवून पडदा सारखा केला. रडू आलेलं त्याला दाखवायचं नव्हतं.

थंडीनं त्याचं नाक कोरडं पडतं, म्हणून आठवडाभर संध्याकाळी खोलीत उकळतं पातेलं ठेवते. वाफेनं काचांवर पाणी ओघळतं. तेही पुसते. आज तो म्हणाला, "ओलीचा वास येतोय."

"औषधांचा येत असेल."

"नाही गं, ओलीचा. जुन्या पाटीमागे येतो तसा."

माझं नाक एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होतं. खोलीत उभी राहून चारी कोपऱ्यांत वास घेतला. फिनेल, ब्लीच, मलम. बाकी काही नाही. तरी आणखी एक बादली फिनेल मारलं. तो कुशीवर वळून कपाटाकडे बघत पडला होता. काय बघतोस विचारलं तर म्हणाला, "काही नाही. सावली."

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहायची. संध्याकाळी सहाला सगळं आवरलं की मी त्या खोलीच्या दारात उभी राहते. नुसती बघत. एवढी स्वच्छ जागा मी आयुष्यात पाहिलेली नाही, आणि ती मी केली आहे. दोन वर्षं मी कुणालाच लागत नव्हते. आता लागते. आज पेंटरनं मला तशी उभी असताना पकडलं. म्हणाला, "काय मग, बाई? गुण किती?"

"चौऱ्याण्णव," मी म्हटलं.

तो हसला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

३ डिसेंबर

खोकतोय. कोरडा, छोटा खोकला. ताप नाही. ब्लीचमुळे असेल.

५ डिसेंबर

ताप नाही. दोनदा मोजला. जिना नाही, चालणं नाही, तरी बोलताना मध्येच थांबतो. फ्रिजवरचा कागद वाचला. 'नुसता खोकला आला तरी फोन करा.' फोन केला तर दवाखान्यात बोलावणार. म्हणजे ती आया, तो जग, ते बेसिन. इतक्या कष्टानं जपलेला माणूस परत त्या उकिरड्यात नेऊन टाकायचा? उद्यापर्यंत बघते.

नणंद दारात आली होती. आत घेतलं नाही. दारातूनच त्याचा खोकला ऐकला आणि म्हणाली, "वहिनी, हा खोकला मला बरा वाटत नाही." म्हटलं, तू तुझा खोकला सांभाळ.

७ डिसेंबर

आज तो बेसिनमध्ये थुंकला आणि त्यात गंजाच्या रंगाची रेघ होती. बेडका, त्यात ती रेघ, आणि ती घसरत जाळीकडे निघालेली. मी नळ सोडायला हात पुढे केला. तो म्हणाला, "थांब. डॉक्टरांना दाखवावं लागेल." त्याचे ओठ निळसर दिसले. आजच नाही, काल सकाळीही तसेच होते. मला दिसले होते.

गाडीत त्याला नीट बसवता येईना. न्हावी दुकान टाकून धावत आला आणि त्यानं त्याला उचलून आत ठेवलं. मी गाडीचं दार धरलं.

१० डिसेंबर

फुप्फुसात गाठीसारखी सावली आहे. नाकातून नळी घालून आतलं पाणी काढलं, तपासलं. बुरशी. तोंडातली नव्हे, दुसरी. डॉक्टर म्हणाल्या, ती हवेत असते, आपण सगळेच रोज हुंगतो, आपली फौज ती गिळून टाकते. यांची झोपलेली आहे.

मी म्हटलं, "बुरशीसाठी आठवड्यातून तीनदा एक गोळी होती. एकही चुकवली नाही. तक्ता दाखवू?"

"ती वेगळ्या बुरशीसाठी. ही तिला दाद देत नाही." मग त्यांनी विचारलं, "खोकला कधीपासून?"

सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, पण बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घरात कुठे ओल आहे? भिंतीला वगैरे?"

मी म्हणाले, "डॉक्टर, मी एकतीस वर्षं अन्न निरीक्षक होते."

"तसं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही कुठून आली ते छातीठोकपणे कधीच सांगता येत नाही. शेजारची मोडतोडही असेल. पण ओल असेल तर तिथे परत पाठवता येणार नाही. बघून या."

आता खेळ असा आहे, की बुरशीला मारायचं तर फौजेला उठवायला हवं, म्हणजे स्टिरॉइड कमी. आणि फौज उठली की ती परत स्नायूंवर जाणार. श्वासाचे स्नायूही स्नायूच. पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे आहेत, म्हणाल्या. 'महत्त्वाचे' म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

११ डिसेंबर

न्हाव्याला फोन केला. कपाट सरकवायचं आहे, एवढंच म्हटलं. तो दोघांना घेऊन आला. न सांगता तिघांनी नळाखाली हात धुतले, साबण लावून, मनात वीस मोजत. न्हाव्याचे ओठ हलत होते. हे मीच त्याला कधीतरी दरडावून शिकवलं होतं.

कपाट हललं तेव्हा आधी वास आला. मग दिसलं.

फरशीपासून माझ्या खांद्यापर्यंत काळं. नुसतं काळं नाही, लवदार, मध्ये हिरवट, कडेला राखाडी. न्हाणीघराच्या नळातून पाणी झिरपत होतं आणि रोज तीनदा मी पुसलेलं पाणी फटीतून तिथेच जात होतं. रंगाचे पोपडे सुटून भिंत मऊ पडलेली, बोट लावलं तर आत गेलं. मी बोट लावलं. हातमोजा नव्हता. कपाटाच्या पाठीला त्याच भिंतीचा ठसा उमटलेला. आणि एका बाजूनं ते कपाटाच्या कडेबाहेर वीतभर आलेलं होतं, पलंगाच्या बाजूला. दारातून ते दिसत नाही. मी रोज दारातच उभी राहायचे.

मला ओकारी झाली. तिथेच, माझ्या चौऱ्याण्णव गुणांच्या फरशीवर. आयुष्यात मी उंदीर पाहिले, अळ्या पाहिल्या, पिठात मेलेली पाल पाहिली, कधी पोट ढवळलं नाही. न्हाव्यानं फडकं आणलं आणि गुडघे टेकून माझी ओकारी पुसली. उघड्या हातांनी. मी म्हटलं, "राहू दे, घाण आहे." तो म्हणाला, "असू दे वहिनी. तुम्ही खिडकीपाशी बसा." खिडकीला पट्ट्या होत्या. त्या त्यानंच ओरबाडून काढल्या.

संध्याकाळी निरीक्षण पत्र भरलं. आढळलेल्या त्रुटी: कपाटामागील संपूर्ण भिंतीवर बुरशी. जमिनीत पाणी. हवा नाही. खोकल्याकडे चार दिवस दुर्लक्ष. जबाबदार व्यक्ती: मी. गुण: शून्य. शेरा: जागा बंद करावी.

१६ डिसेंबर

नळ्या, मास्क, यंत्राचा आवाज. आज वॉर्डाचं बेसिन पाहिलं. चकचकीत होतं. कदाचित तेव्हाही असेल.

पेंटरला बोलायला त्रास होतो. मास्क बाजूला करून म्हणाला, "कळलं का, कुठून आलं?"

मी म्हणाले, "शेजारची मोडतोड. त्या धुळीतून असणार."

"असेल," तो म्हणाला आणि मास्क लावून घेतला.

एकतीस वर्षं मी कपाटामागे लपवणाऱ्यांच्या तोंडावर त्यांची किळस करत आले. 'कालच साफ केलं होतं' म्हणणाऱ्या त्या बेकरीवाल्याची तर मी सर्वांसमोर लाज काढली होती, त्याचा म्हातारा बाप बाजूला उभा असताना. आज मी त्याच्याहून खालच्या दर्जाचं खोटं बोलले. स्वतःच्या तोंडाचा वास येतोय असं वाटतं.

२४ डिसेंबर

नणंदेनं मला घरी पाठवलं, स्वतः तिथे बसली. मी निघताना म्हणाली, "वहिनी, तुमचे हात बघा." ब्लीचनं सोललेत, भेगा पडल्यात. तिनं पर्समधलं मलम काढून लावलं. खोकलीही, पण मान वळवून. तिला ऍलर्जी आहे, लहानपणापासून, म्हणाली. मी कधी विचारलंच नव्हतं.

२ जानेवारी

बुरशीच्या औषधानं त्याला रंग जास्त उजळ दिसतात. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, जाईल. तो छताकडे बघून म्हणतो, "हा पांढरा मला पूर्वी मिळाला असता तर!" सावली लहान झाली आहे. पण स्टिरॉइड कमी केल्यापासून हात परत खाली आला. आज कानापर्यंत नाही, छातीपर्यंतही नाही. पेला मी धरला.

३० जानेवारी

घरी आणलं. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या. शेजारची मोडतोड संपली आहे, दोन्ही खिडक्या उघड्या. मागच्या खोलीची भिंत प्लंबर आणि गवंड्यानं फोडली आहे. औषध अजून चार महिने, कदाचित जास्त. हात येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. येईल असंही म्हणत नाहीत, नाही असंही.

न्हावी आला, वस्तरा घरूनच उकळून आणलेला. दाढी करताना केस फरशीवर पडले. मी पाहिले. शिसारी आली, नेहमीसारखीच, ती काही जाणारी नाही. बसून राहिले.

पेंटर म्हणाला, "मागच्या खोलीला गुण किती?"

त्याला कळायलाच हवं होतं. खण उघडला आणि अकरा डिसेंबरचं पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं सावकाश वाचलं. मग म्हणाला, "पेन दे."

त्याची बोटं वळत नव्हती. मी कागदाखाली वही धरली आणि त्याच्या मनगटाला आधार दिला. हातमोजे नव्हते. त्याचं मनगट किती बारीक झालंय ते मला आज कळलं. मालकाचा खुलासा या रकान्यात, चाळीस वर्षं सरळ रेषेत अक्षरं काढणाऱ्या माणसानं वाकडंतिकडं लिहिलं:

'नोव्हेंबरातच पलंगावरून दिसली होती. वास सांगितला, बाकी बोललो नाही. बाई दारात उभ्या राहून खूश होत्या. ते पुसून टाकायचं जिवावर आलं.'

खाली सही केली.

मला त्याचा इतका राग आला, की कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकावा. "मेला असतास, मूर्खा," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला. गालावर अजून फेस होता.

एकतीस वर्षांत पहिला खरा खुलासा. मी त्याचं मनगट सोडलं नाही. न्हावी वस्तरा हातात धरून दुसरीकडे बघत उभा राहिला.

नियमाप्रमाणे पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करायची असते. तारीख घातली. ज्याची चूक आहे त्यानं तपासायचं नसतं, म्हणून तपासणी अधिकारी म्हणून न्हाव्याला नेमलं.

तो घाबरला. "वहिनी, मला काय कळतंय त्यातलं?"

"कपाट सरकवायचं," मी म्हटलं, "मग बोलायचं."